राणीनं तोंड फिरवलं

2021 सालची गोष्ट. पोळा चार दिवसांवर आला होता. दुपारी जेवून ओट्यावर बसलो होतो, तेवढ्यात नानांचा नातू आला. नाना म्हणजे माझे सख्खे काका. घर आमच्यापासून चौथं, पण जाणं-येणं नव्हतं. लग्नाला, मयतीला तोंड दाखवायचं, अर्धा कप चहा घ्यायचा आणि उठायचं, अशी चाळीस-बेचाळीस वर्षांची रीत पडून गेलेली. त्यामुळं पोरगं आपणहून आमच्या ओट्यावर चढलं याचंच मला नवल वाटलं.

त्यानं खिशातून रुमाल काढला, गाठ सोडली. आत दहा रुपये. राणीछाप, चांदीचे, प्रत्येकाला वर कडी. सहा काळे, चार लख्ख.

"काका, तुम्हाले नाणास्नं कळस ना? फोटो टाकाना शे मोबाईलवर. जुना रुप्याले लाखो रुप्या भेटतस म्हनं. टूथपेस्ट लाईसन घसात. चार झायात, सहा बाकी शेतस."

मी त्याचा हातच धरला. म्हटलं, "बाकीना सहा घसू नको. हात बी लाऊ नको."

त्याला वाटलं, मी रागावलो. रागावलो नव्हतो. आधी त्याला ते लाखांचं समजावून सांगितलं. आधी लाखांची हाव दाखवायची, मग कमिशन म्हणून, कर म्हणून आपल्याकडूनच पैसे भरून घ्यायचे, असा हा धंदा. त्याच महिनाभरापूर्वी रिझर्व्ह बँकेनं लोकांना सावध केलं होतं, की जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत आम्ही पडत नाही, आमच्या नावानं कुणी पैसे मागितले तर देऊ नका. पोरगं ऐकत होतं, पण माझं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. मी ते दहा रुपये ओळखले होते. ही आजीमायची माळ. निम्मी.

बाकीची निम्मी आमच्या घरात, माझ्या पेटीत होती. आणि एक रुपया देवघरात होता. तो दोन्ही घरांचा नव्हता.

आजीमायचं लग्न 1927 च्या सुमाराचं. तिच्या बापानं तिला एकवीस रुपयांची माळ घातली होती. त्या काळी खानदेशात चांदीचे रुपये गळ्यात घालायची चाल होती. कुणब्याच्या घरी, भिल्लाच्या घरी, ज्याची जशी ऐपत तशी पाच, अकरा, एकवीस. सोनार रुपयाच्या माथ्यावर कडी ठेवायचा, डाख द्यायचा आणि गोफात ओवायचा. बाई अडली, की माळच कामाला यायची. रुपया म्हणजे एक तोळा, 180 ग्रेन. आजच्या मापात 11.66 ग्रॅम. त्यातले बारा भागांतले अकरा भाग चांदी, बाकी तांबं. दुकानदार तराजूत वजन म्हणूनही रुपयाच टाकायचे. 'रुपयाभार तंबाखू', 'दोन रुपयाभार हिंग' हे शब्द मी लहानपणी ऐकलेले आहेत. म्हणजे आजीमाय एकवीस तोळे चांदी गळ्यात घालून निंदायला, वेचायला जायची. रात्री झोपतानाही माळ काढायची नाही. आम्ही पोरं तिच्या मांडीवर डोकं ठेवायचो, तेव्हा ते रुपये कानाला गार लागायचे.

तिला वाचता येत नव्हतं. पण माळ तिला पाठ होती. संध्याकाळी दिवा लावला, की ती जपमाळेसारखे रुपये बोटांनी पुढं सरकवायची. मी विचारायचो, काय मोजते? ती म्हणायची, "राणी जागी शे का झोपनी, ते देखस."

1972 साल आलं. आमच्या पिढीला त्या सालाबद्दल वेगळं सांगायला नको. विहिरीचा तळ दिसायला लागला. गावातली निम्मी माणसं खडी फोडायला जायची. आई जायची, मीही सुट्टीत गेलो. बैल विकला. शेवटी आजीमायनं स्वतःच गळ्यातली माळ काढून आप्पांच्या पुढं ठेवली. आप्पा म्हणजे माझे वडील. माळ काढल्यावर तिच्या गळ्याभोवतीची कातडी फिकट दिसत होती, जात्याखालच्या जमिनीसारखी. ते बघवत नव्हतं.

आप्पांबरोबर मी दोंडाईच्याला गेलो. सतरा वर्षांचा होतो. सराफानं माळ तराजूत घातली, एक रुपया दगडी पायरीवर टाकून नाद ऐकला, मान हलवली आणि माळ पिशवीत घालून वर चिठ्ठी बांधली. किती रुपये, कोणत्या सनाचे, कुणी लिहून घेतलं नाही. आम्हीही नाही. आप्पांनी अंगठा नाही, सही केली. ते चौथी शिकले होते आणि सहीचा त्यांना अभिमान होता.

माळ सुटायला सात वर्षं लागली. 1979 साली मिरची बरी झाली. दोंडाईच्याचा बाजार मिरचीचा. मोसमात गावाच्या अलीकडंच नाकाला कळतं, दोंडाईचा आलं. नाना तेव्हा कारखान्यात कामाला लागले होते. निम्मे पैसे त्यांनी दिले, निम्मे आप्पांनी मिरचीचे घातले. नानांना सुट्टी नव्हती, म्हणून आप्पा एकटेच जाऊन माळ सोडवून घेऊन आले.

आजीमायनं आंघोळ केली, लुगडं बदललं, देवाला नमस्कार केला आणि माळ हातात घेतली. बोटं चालायला लागली. एक, दोन, तीन. मधल्या रुपयावर, म्हणजे अकराव्यावर, बोटं थांबली. परत मागं गेली. परत तिथंच थांबली.

"हाऊ रुप्या मना नही शे."

आप्पा म्हणाले, "माय, तुनाच शे. सात वरीस जायात, तू भूली गयी."

"मी भूलस नही. राणी तोंड फिरी गयी. ती मनाकडे देखत नही."

मधला रुपया बाकीच्यांपेक्षा पांढरा होता, एवढं सगळ्यांनाच दिसलं. वीस रुपये काळपट, हा एक नवरीसारखा. नानांनी तो उलटा करून बघितला. त्यावर 1862 होतं. माळेत 1862 चे चौदा रुपये होते, बाकी सात नंतरचे. सन तोच, राणी तीच. पण नानांनी आप्पांकडं पाहिलं, ते पाहणं मला अजून आठवतं. आप्पा एवढंच बोलले, "मी बदला नही. सराफनी जे दिन्हं, ते मी लई उनू." त्यानंतर त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही. एका रुपयाची चांदी ती काय असणार? पण प्रश्न चांदीचा नव्हता. एकानं निम्मे पैसे दिले, दुसरा एकटा गेला आणि आई म्हणते हा माझा नाही. पुढच्या वर्षी चूल वेगळी झाली. 1986 साली आजीमाय गेली. माळ तोडून वाटे झाले, दहा-दहा. एकविसावा रुपया नानांनी माझ्या वडिलांकडं सरकवला. म्हणाले, "हाऊ तुमना. तुम्हीच ठेवा."

आप्पांनीही तो घेतला नाही. आईनं उचलून देवघरात ठेवला. दर धनत्रयोदशीला ती तो चिंच आणि राखेनं घासायची, हळद-कुंकू वाहायची. 2009 साली आप्पा गेले. जाताना शेताचं बोलले, माझ्या बदलीचं बोलले. रुपयाचं नावही काढलं नाही.

मी नोकरीभर शाळेत मास्तर होतो. नाण्यांचा नाद लागला तो 2013 साली निवृत्त झाल्यावर. धुळ्याचे एक शिक्षकमित्र नाणी जमवतात. पहिल्यांदा त्यांच्याकडं गेलो तेव्हा देवघरातला तोच रुपया घेऊन गेलो होतो, मनात असं, की आपल्याकडची लखलखीत वस्तू दाखवावी. त्यांनी तो काठावर धरला, खिडकीकडं फिरवला आणि एका क्षणात म्हणाले, "घासलेला आहे हो. कडी काय, डाख काय. संग्रहात घेता येणार नाही. चांदीचा भाव येईल."

मला राग आला. घरात ज्याला स्वच्छ म्हणतात, त्याला हे बिघडलेलं म्हणतात! पण त्यांनी मला बसवून घेतलं आणि दाखवलं. ते जे दाखवलं ते इथं सांगतो, कारण पुष्कळ घरांत असे रुपये आहेत आणि पुष्कळ हात ते घासायला तयार आहेत.

टांकसाळीत ठसा जोरानं बसतो तेव्हा चांदी मधून काठाकडं सरकते. त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. न घासलेलं चांगलं नाणं उजेडात तिरपं करून फिरवलं, की उजेडाचा एक पट्टा गाडीच्या चाकासारखा फिरतो. घासलं, की त्या रेषा जातात आणि पुन्हा कधी येत नाहीत. मग नाणं चमकतं, पण ती चमक सपाट असते, ताटाच्या बुडासारखी. आणि भिंगातून पाहिलं तर मोकळ्या जागेत केसासारखे ओरखडे दिसतात, एका दिशेनं किंवा गोल गोल, जसा हात फिरला असेल तसे. राख, रांगोळी, टूथपेस्ट, सगळ्यांत कण असतात. चांदी मऊ. ती कणाकणानं जाते.

झीज वेगळी आणि इजा वेगळी. झीज उंच भागावर होते. राणीचा गाल, केस, मुकुटाची टोकं आधी सपाट होतात. ती हजार हातांची असते आणि सगळीकडं सारखी असते. इजेला जागा असते. इथं खाच, तिथं छिद्र, माथ्यावर डाख. आणि गाल झिजलेला, केस पुसलेले, तरी नाणं नव्यासारखं चकाकतं, तर ते खोटं बोलतंय असं समजावं. म्हाताऱ्या माणसाचे केस काळेभोर दिसले तर आपण काय समजतो? तसंच.

काळेपणा म्हणजे घाण नव्हे. हवेत गंधक असतो, चुलीच्या धुरात असतो, कांदा-लसणीच्या वासात असतो. त्याचा चांदीवर पातळ थर बसतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग निळसर, मग काळा. तो काठाकडून आत येतो आणि खालच्या चांदीला झाकून ठेवतो. काही जण घासलेलं नाणं गंधकाच्या धुरात धरून मुद्दाम काळं करतात. तेव्हा भिंग लावावं. काळेपणाच्या खाली ओरखडे दिसले, तर आधी घासलंय आणि मग रंगवलंय. अमेरिकेतल्या कंपन्या नाणं तपासून प्लॅस्टिकच्या डबीत बंद करून देतात आणि वर प्रतीचा आकडा लिहितात. घासलेल्याला आकडाच देत नाहीत, फक्त 'साफ केलेलं' असं लिहून मोकळे होतात. मास्तरांनी पेपरवर गुण न देता 'कॉपी केली' असा शेरा मारावा, तसं.

पुढं एकदा त्र्यंबकेश्वरला जाताना मित्रानं मला अंजनेरीला उतरवलं. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर तिथं नाणकशास्त्राच्या संशोधनाची संस्था आहे, तिचं संग्रहालय आहे. काचेमागची नाणी बघताना माझ्या लक्षात आलं, की नाणी जपणारी माणसं त्यांना चमकवत नाहीत. जशी आली तशी ठेवतात. मला आईची चिंच आठवली आणि जरा वाईट वाटलं.

असं थोडं थोडं शिकलो. पण इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही, की एकवीसच्या एकवीस रुपये एकत्र पाहावेत. येणार कशी? दहा त्या घरात होते.

पोळ्याच्या त्या दुपारी ते आपोआप दारात आले. मी पोराला म्हटलं, "बस थोडा येळ." पेटीतून आमचे दहा काढले. आईला देवघरातला रुपया मागितला. आई पंच्याऐंशीची. तिनं कुंकवासकट तो माझ्या हातावर ठेवला आणि पोराकडं बघत राहिली. त्या पोराला आमच्या घरात बसलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती.

टेबलावर पांढरं धोतर अंथरलं. एकवीस रुपये ओळीनं मांडले, कड्या वर. 1986 नंतर पहिल्यांदा ते एकत्र आले. मी भिंग घेतलं.

पहिला प्रश्न सनाचा. नाना तेव्हा सन पाहून गप्प बसले होते आणि मीही बरीच वर्षं सनच बघत होतो. पण 1862 हा सन रुपयावर 1874 पर्यंत तसाच छापला जात होता. वर्ष बदललं तरी ठशावरचा आकडा बदलला नाही, फक्त कुठं बारीक ठिपके वाढवले. ठिपक्यांवरून रुपये वेगळे काढता येतात, पण आमच्या माळेतल्या रुपयांचे ठिपके आधी मोजले होते कुणी? 1862 चा रुपया तर उदंड. सन जुळला म्हणजे रुपया तोच, असं नाही आणि तो नाही, असंही नाही. वजनाचंही तेच. कडी आणि डाख यांचं वजन मिसळलेलं, झीज प्रत्येकाची वेगळी. तराजूवर काही सिद्ध होणार नव्हतं.

मग रंग. मधला रुपया पांढरा का होता? आईनं घासला म्हणून, असं मी धरून चाललो होतो. पण आई घासायला लागली 1986 नंतर, आणि रुपया पांढरा दिसला 1979 ला. मी देवघरातला दुसरा एक रुपया आणला, पंचम जॉर्जचा, आईनं त्याच हातानं, त्याच चिंचेनं घासलेला. दोन्ही कोमट पाण्यात ठेवून कुंकू सैल केलं आणि अक्षरांच्या खाचांत पाहिलं. जॉर्जच्या रुपयाला मोकळी जागा पांढरी, पण अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना काळा थर घट्ट बसलेला. बोट तिथं पोचत नाही, राखही पोचत नाही. राणीच्या रुपयाला कुंकवाखाली काहीच नव्हतं. खाचांच्या आत, पानाफुलांच्या नक्षीत, सगळीकडं एकसारखा मेलेला पांढरा रंग. तिथवर हात जात नाही. तिथवर तेजाब जातं.

सोनार डाख दिल्यावर वस्तू तेजाबाच्या पाण्यात टाकून उजळून काढतो, हे मला माहीत होतं. मग मी कडीच्या बुडाशी पाहिलं. तिथं चांदीत जांभळट-करडा डाग होता. चांदीतलं तांबं आगीनं करपलं, की असा डाग उरतो. बाकीच्या वीसांना असा डाग दिसण्यासारखा राहिलाच नव्हता, इतका त्यांचा डाख जुना.

म्हणजे या एका रुपयाला नंतर कधीतरी पुन्हा आग लागली होती.

मी रुपया उभा धरला आणि काठ पाहायला लागलो. रुपयाच्या काठावर बारीक उभे दाते असतात. कडीपासून अर्ध्या सेंटिमीटरवर दाते गायब होते. कानशीनं सपाट केलेली दोन-तीन मिलिमीटरची जागा, आणि तिच्यात एक पिवळसर रेघ. जुना डाख. आधी कडी तिथं होती. ती तुटली किंवा निघाली, कुणीतरी जागा घासून साफ केली आणि नवी कडी शेजारी बसवली.

माझे हात थरथरायला लागले. कारण अजून एक गोष्ट पाहायची राहिली होती आणि काय दिसणार याचा मला अंदाज आला होता.

माळेत रुपये एकमेकांच्या शेजारी लोंबतात. चालताना, वाकताना काठाला काठ घासतो. पंचेचाळीस वर्षं घासून वीसही रुपयांच्या काठावर डावीकडं आणि उजवीकडं एकेक सपाट जागा पडली होती. कडी बरोबर वर धरली, की त्या दोन जागा बरोबर आडव्या रेषेत यायच्या. एकविसाव्यालाही दोन जागा होत्या. पण कडी वर धरली, की एक खाली जायची, एक वर. मी नवी कडी सोडून दिली आणि तो जुना डाख माथ्यावर धरला. दोन्ही जागा आडव्या आल्या. दोन काळ्या रुपयांच्या मध्ये तो तसा ठेवला. काठाला काठ लागला.

आणि मग दिसलं, की नवी कडी वर धरली तर राणी तिरकी होते. मान खाली घालते. वीस राण्या समोर बघतात आणि ही एक खाली बघते.

आजीमाय ते सांगत होती. आम्ही सन बघत होतो, रंग बघत होतो. ती राणीचं तोंड बघत होती. "ती मनाकडे देखत नही." आम्ही सगळ्यांनी ते म्हातारीचं बोलणं म्हणून सोडून दिलं. तिला रुपया परका वाटला, कारण तो उजळून निघाला होता, वाकडा टांगला होता. पण तो परका नव्हता. आम्ही बेचाळीस वर्षं दोन चुली करून बसलो होतो ते आमच्याच रुपयामुळं.

कडी कधी तुटली? सराफाच्या पिशवीत? कारागिरानं गुपचूप जोडून दिली? की येताना आप्पांच्या हातून तुटली आणि त्यांनीच बाजारात जोडून घेतली, म्हणून ते एवढं कमी बोलले? नाणं हे सांगत नाही. त्याला काय झालं ते सांगतं, कुणी केलं ते नाही. आणि अगदी कोर्टात उभं राहावं असा हा पुरावाही नाही. दुसऱ्या कुणा बाईच्या माळेतला रुपया आला असेल, असं कुणी म्हटलं तर मी काय उत्तर देणार? पण मी तो दोन रुपयांच्या मध्ये ठेवून पाहिलेला आहे. मला पुरेसं आहे.

आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मी उगाच घसत राहिनू का रे इतला वरीस? काही पुसायी गयं का?"

मी म्हटलं, "नही माय. जे व्हतं ते काठवर व्हतं. तठे तुना हात गया नही."

संध्याकाळी पोराला घेऊन मी नानांकडं गेलो. एकवीस रुपये रुमालात. नाना खाटेवर बसलेले, शहाऐंशीचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊनही डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. भिंग दिलं तर ते त्यांनी बाजूला ठेवलं. मग मी त्यांचं बोट धरलं आणि आधी एका काळ्या रुपयाच्या काठावरून फिरवलं. डावी सपाट जागा, उजवी सपाट जागा, वर कडी. तीन-चार रुपये असे दाखवले. मग एकविसावा त्यांच्या हातात दिला आणि काही न सांगता थांबलो.

ते बराच वेळ बोट फिरवत राहिले. कडीपाशी गेले, शेजारच्या सपाट जागेवर आले, पुन्हा कडीपाशी गेले. आजीमायची बोटं अशीच मागं-पुढं झाली होती. मग रुपया मुठीत धरला.

"कडी सरकेल शे," नाना म्हणाले.

"हो."

"दादानी सांगाले पाहिजे व्हतं."

"त्यास्ले बी माहीत नसी, नाना."

नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं सुनेला हाक मारून म्हणाले, "चहा ठेव. आन् पुरा कप भरजो."

निघताना मी रुपये गोळा केले. वीस झाले. एकविसावा त्यांच्या मुठीतच होता. मी मागितला नाही.

नातवानं टूथपेस्टनं घासलेल्या चार रुपयांची चमक आता जाणार नाही, आणि जाईल तेव्हा खालचे ओरखडे राहतीलच. पोरगं ओशाळलं होतं. मी त्याला सांगितलं, आता एवढंच कर. सुती कापडात वेगवेगळे गुंडाळ, रबर लावू नको, लोकरीत ठेवू नको, काठावर धर, बोटाचा घाम लागू देऊ नको. धूळ वाटली तर पाण्यात बुडवून काढ आणि कापडानं टिपून घे. टिपायचं. पुसायचं नाही.

त्या वर्षी धनत्रयोदशीला सकाळी सकाळी नानांच्या सुनेचा फोन आला. नानांनी रुपया देवघरात ठेवायला दिला होता आणि ती चिंच भिजवून बसली होती. विचारत होती, "भाऊ, घसू का नको?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून नानांचा आवाज आला.

"घसू नका तिले. आते समोर देखाले लागनी ती."

सुनेला काही कळलं नसावं. ती म्हणाली, "बरं, नुसतं पाण्यानं धुते मग." मी म्हटलं, "हो. आणि टिपून घे."